झडप पडल्याचा आवाज

रोहिदासच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. वेळ नव्हता म्हणावं तर तेव्हा मी तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त होऊन घरीच बसलो होतो. लिहायला घ्यायचो, पहिली ओळ खोडायचो आणि कागद चुलीत घालायचो. माझ्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं येतं, हे एक निमित्त. खरं कारण दुसरं होतं. जे मी ऐकलं असं मला वाटत होतं, ते मी खरंच ऐकलं का, याची मलाच खात्री नव्हती.

त्याने लिहिलं होतं: 'मामा, तुम्हाला मामा म्हणायचा मला हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. इथे पाळेखारात दर आखाडाच्या अवसेला माझ्या बापाच्या नावाने नारळ वाढवतात. त्याने सासुरवाडीचा बांध कापला आणि आपलं गाव वाचवलं, असं म्हणतात. पहिला नारळ माझ्या हातात देतात. पण ज्या घरी पाहुणा म्हणून गेला त्याच घराचा बांध कापणारा बाप माझ्या घशाखाली उतरत नाही. तुम्ही तिथे होतात. काय झालं ते एकदा सांगा.'

पत्र मी मथूला वाचून दाखवलं. मथू, म्हणजे मथुरा, माझी धाकटी बहीण, रोहिदासची आई. ती तांदूळ निवडत होती. सुपावरची नजर तिने उचलली नाही.

"नको लिहू," एवढंच म्हणाली.

आतल्या खोलीत आमचा थोरला भाऊ जोमा अर्धं अंग लुळं पडून खाटेवर होता. त्याच्यासाठीच ती नको म्हणते, असं मी धरून चाललो.

त्या अवसेची सकाळ मला मात्र स्वच्छ आठवते. आखाडाची अवस म्हणजे श्रावणाच्या आधीचा शेवटचा मासळीचा दिवस. जावयाला बोलवायचं आणि त्याच्या ताटात जिताड्याचं, खाडीतल्या मानाच्या माशाचं, डोकं वाढायचं, ही आमच्या खाडीकाठच्या गावांची रीत. मथू आणि तिचा नवरा बाळाराम ठाकूर आदल्या दिवशी पाळेखारातून होडीने आले होते. तान्ह्या रोहिदासला ताप होता, म्हणून सासूने त्याला ठेवून घेतलं होतं.

बाळाराम ओटीवर बसून चहा पीत होता. दांडगा, हसरा माणूस. बसला की ओटी लहान वाटायची.

"काय मेवने, या साली तरी जिताडा हाय का?" त्याने जोमाला विचारलं. "गेल्या साली तुमच्या मानबेटात मला सुके बोंबील मिलाले. माझी आय अजून सगल्या गावाला सांगते."

"अवो भावजी, समिंदर खवललाय," जोमा म्हणाला. "होरी कोन घालनार? पन जिताडा नाय मिलाला तर ही मिशी उतरवीन."

"मिशी घेऊन मी काय करू? तिचा कालवन व्हतो का?"

सगळे हसले. मथू हसली नाही. ती नुकतीच परसातून आत आली होती. लुगड्याचा काठ ओला होता आणि पोटऱ्यांना करडा चिखल लागला होता. तो तिने पागोळीखाली धुऊन टाकला. एवढ्या पहाटे कुठे गेली होतीस, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी पुस्तक वाचत होतो.

आमचं माणबेट आणि समोरचं पाळेखार, मधे खाडी. दोन्ही गावांची भातशेती समुद्राच्या पाण्याहून खालच्या पातळीवर. मातीचे बांध घालून पूर्वजांनी समुद्राकडून ती हिसकावून घेतलेली. बांधात पाण्याच्या वाटेला दगडी बांधकाम असायचं, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीच्या तोंडावर खाडीच्या अंगाला वरून टांगलेली लाकडी झडप. भरतीचं पाणी आलं की तिला दाबून बंद करायचं, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडायचं. माणसाने हात लावायची गरज नाही.

पण माणूस हात लावतोच. झडपेत ओंडका अडकवून ठेवला की भरतीबरोबर मासळी आतल्या चरात शिरते. पाणी अर्ध्यावर आलं की दोरीने ओंडका ओढून घ्यायचा; झडप पडते, मासळी आत कोंडते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, छोट्या भरतीला हा खेळ बरेचजण चोरून खेळायचे. उधाणाला कुणी खेळत नसे.

आणि उधाणाचा आणखी एक नियम होता. एका काठाचा बांध फुटला की खाडीचं पाणी तिकडे पसरतं आणि दुसऱ्या काठावरचा भार उतरतो. त्यामुळे मोठ्या भरतीला दोन्ही गावं आपापल्या बांधावर कोयते-काठ्या घेऊन उभी राहायची. काही वर्षांपूर्वी आमचा बांध अशाच एका उधाणाला कुणीतरी कापला होता. तेव्हापासून ठरलं होतं: उधाण उतरेपर्यंत पैलतीरचा माणूस, मग तो जावई का असेना, बांधावर दिसता कामा नये.

ते उधाण एवढं का चढलं, ते मी नंतर वाचनालयातल्या पुस्तकांत शोधत बसलो. अवसेला सूर्य-चंद्र एका रेषेत ओढतात, हे तर आमच्या बायाबापड्यांनाही ठाऊक. पण जुन्या पंचांगाशी ताडून पाहिलं तर त्याच दिवसांत चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. बाहेर समुद्रात वादळी पट्टा होता. तिथे हवेचा दाब उतरला की पाणी आपणहून फुगतं. वर नैर्ऋत्येचा वारा ते पाणी खाडीच्या नरसाळ्यासारख्या तोंडात कोंबत होता आणि डोंगरावरून पुराचं पाणी खाली येत होतं. पाच जणांनी एकाच माणसाला धरून मारावं, तसं ते सगळं एका दुपारी आमच्या बांधावर आलं. मी हे खूपदा वाचलं. वाचून काही बदलत नाही.

दुपार व्हायच्या आधीच डबे बडवल्याचा आवाज आला. गावात डबा बडवला की समजायचं, पाणी बांधाच्या माथ्याला लागलं. जोमा कोयता घेऊन उठला.

"भावजी, तुमी घरातच बसा. बाहेर पाऊल नका टाकू. आज पोरं कोनाचं ऐकायची नायत."

"बसतो की. मला काय हौस हाय भिजायची?"

जोमा गेला. मीही उठलो. तेवढ्यात मथू स्वयंपाकघरातून आली आणि नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाळारामने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि गोठ्यातला दोरखंड माझ्या खांद्यावर टाकला.

"हरी, चल."

"कुठं? दादा म्हणालाय की..."

"उघाडीवर. झडपेत ओंडका रायलाय. कोनी लावला ते इचारू नको. पल!"

आम्ही गावामागून, चराच्या कडेने पळालो. सगळं गाव दक्षिणेच्या अंगाला जमलं होतं. तिथे बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडायच्या बेतात होती आणि माणसं हातात हात गुंफून पाण्यात भिंतीसारखी उभी होती. बायका त्यांच्या पाठीशी पेंढा आणि चिखल कोंबत होत्या. एक लाट आली आणि भिंतीतली चार-पाच माणसं उचलून शेतात फेकली गेली. ती तोंडातला गाळ थुंकत उठली आणि पुन्हा जाऊन उभी राहिली. उघाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिची काळजी कधी कुणी केलीच नव्हती.

उघाडीवर पोचलो तर आतल्या तोंडातून पाणी तोफेसारखं सुटत होतं. चराच्या कडा ढासळत होत्या. अर्धवट उघड्या झडपेखाली ओंडका असा रुतला होता की त्याला बांधलेली दोरी तुटून नुसतं टोक पाण्यात फडफडत होतं.

बाळारामने दोरखंडाचं टोक कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं.

"खाडीच्या अंगानं उतरल्याबिगर घाव बसनार नाय. पाय दगडाला लाव आनि धर. सोडू नको."

"भावजी, मला नाय जमायचं. मी कुनाला तरी बोलावून आणतो."

"कोनाला आननार? मला इथं बघितला तर आधी माझाच मुरदा पारतील." त्याही वेळी तो हसला. "तू पुस्तकं उचलतोस ना? मी तेवढाच जड हाय."

तो उतरला. पाण्याने त्याला दगडावर आपटलं. कपाळातून रक्त आलेलं मला वरून दिसलं. त्याने एका हाताने झडपेची साखळी पकडली आणि दुसऱ्या हाताने पहार ओंडक्यावर घातली. एक घाव. लाट त्याच्या डोक्यावरून गेली. वर आला, पुन्हा घाव. माझे तळवे सोलवटले. दोरखंड मी कोपराभोवती गुंडाळला होता आणि हात खांद्यातून निखळतो की काय असं वाटत होतं.

तेवढ्यात मागून आरोळी आली.

"पाळेखारचा! उघाडी फोरतोय!"

मी मान वळवली. जोमा पुढे, मागे सात-आठ जण, चिखलाने माखलेले, डोळे लाल. त्यांच्या जागेवरून काय दिसलं असेल ते मला आजही दिसतं: आमच्या उघाडीच्या झडपेवर पैलतीरचा माणूस पहारीचे घाव घालतोय आणि घरातलाच एक जण त्याला दोरीने धरून उभा आहे.

"दादा, थांब! ओंडका काढतायत ते! ओंडका!"

"सोड दोरी!"

"दादा, ऐक माझं..."

त्याने मला लाथ घातली. मी गुडघ्यावर आलो, पण दोरी सुटली नाही. ती कोपराला आवळली होती. कुणीतरी बाळारामवर दगड टाकला. तो त्याच्या पाठीवर बसलेला मी ऐकला. बाळारामने वर पाहिलं.

"जोमा! मारायचं ते मंग मार! आधी झडप परू दे!"

आणि पुन्हा घाव घातला. तो घाव जोमाला उत्तरासारखा वाटला असावा. त्याने कोयता उगारला आणि दगडाच्या कडेवर ताणलेल्या दोरखंडावर, माझ्या मुठीपाशी, सगळ्या ताकदीने मारला.

दोरी गेली. माझी दोन बोटं गेली, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त हात एकदम हलका झाला.

त्याच क्षणी, नाहीतर त्याच्या किंचित पुढे, मी एक आवाज ऐकला. धप्प. जड लाकूड दगडाच्या चौकटीत बसल्याचा. मला वाटलं, पाण्याची गर्जना थांबली. खाली बाळाराम नव्हता. साखळी हलत होती. मग माझ्या पायाखालची माती सरकली आणि उघाडीचं सगळं बांधकाम, झडप, साखळी, दगड, एकाच वेळी आत कोसळलं. बांधाला घराएवढी खांड पडली आणि समुद्र आमच्या शेतात आला.

मला कुणी ओढून बाहेर काढलं ते माहीत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात तापात पडून होतो. परत आलो तेव्हा सगळं ठरून गेलं होतं.

बाळारामचं प्रेत पाळेखारच्या खाडीकाठी तिवरांच्या झुडपांत सापडलं. पंचनाम्यात बुडून मृत्यू असं आलं. दोन्ही गावांनी पोलिसांना काही सांगितलं नाही. मथू होडीने पलीकडे गेली तर धक्क्यावर तिच्या सासूने रोहिदासला पदराखाली घेतलं आणि माणसांनी होडीवर दगड फेकले. एक दगड मथूच्या कानशिलाला लागला. होडीवाल्याने होडी फिरवली. त्या कानाने तिला पुढे कमीच ऐकू यायचं.

"बोल ना काहीतरी त्यांना," दवाखान्यातून परतल्यावर मी तिला म्हणालो होतो.

ती काही बोलली नाही. त्यांनाही नाही, मलाही नाही.

मी बोललो. चावडीवर उभा राहून, हाताला पट्टी बांधलेली, अडखळत सांगितलं की बाळाराम ओंडका काढत होता आणि त्याने झडप पाडली होती.

"कुठला ओंडका?" जोमाने विचारलं. "दाखव. उघाडीच रायली नाय, तर ओंडका कुठला?"

"मी आवाज ऐकला, दादा."

"वाऱ्यात? पान्यात? बोटं तुटत व्हती तवा तू आवाज ऐकत व्हतास?"

लोक हसले. एकजण म्हणाला, पुस्तकं डोक्यात गेली. दुसरा म्हणाला, दोरी यानेच धरली होती, याला बोलू कशाला देता? मी खाली बसलो. त्या रात्रीपासून मी स्वतःशी वाद घालत आलो. ज्याला घरात मांजर कोणत्या दाराने गेलं ते सांगता येत नाही, त्याने त्या कल्लोळात झडपेचा आवाज ओळखला? की ऐकावासा वाटला म्हणून ऐकला?

शेतं खारी झाली. भाताचा दाणा येईना. बांध पुन्हा घालेपर्यंत अर्ध्या जमिनीत तिवरं माजली. काहींनी तिथे मासळीची तळी केली, बाकीचे कारखान्यांत कामाला गेले. पाळेखारचा बांध त्या दिवशी वाचला होता, म्हणून तिथे बाळारामचं नाव मोठं झालं. आमच्याकडे त्याच नावावर लोक थुंकत. जोमाने तो कोयता खाडीत फेकला आणि पुढच्या वर्षी नवा घेतला. पण अवसेला तो जेवायचा नाही. मथू त्याला ताट वाढायची, तो ते तसंच ठेवून उठायचा, ती ते कुत्र्याला घालायची. इतकी वर्षं एका घरात दोघांचं एवढंच बोलणं झालं.

जोमा गेल्या माघात वारला. शेवटी त्याची सगळी शुश्रूषा मथूनेच केली.

आणि या ज्येष्ठात पाळेखारची एक मासळीवाली दारात टोपली उतरवून सांगू लागली, "आयकलं का, मथुराबाय? नवा पूल झालाय ना, त्याच्या तोंडाशी तुमच्या मालकाच्या नावाचा दगड बशिवतायत. अवसेला. वर कोरलंय, मानबेटचा बांध कापून गाव राखला."

मथूने मासळी घेतली नाही. संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून राहिली. मी आत कंदिलाच्या जागी आलेल्या बल्बखाली वाचत होतो, म्हणजे पान उघडून बसलो होतो.

"हरीदादा," ती आत येऊन म्हणाली, "त्या पत्राला उत्तर लिही."

"आता? काय लिहू? मला स्वतःलाच..."

"लिही, ओंडका मी लावला व्हता."

मी पुस्तक मिटलं.

"पहाटे सुकतीला, पानी उतरला तवा गेले. म्हनलं, एक जिताडा मिलला तर सासूचा तोंड बंद व्हईल. पानी चरायच्या आधी दोरी ओढून येईन. ओढायला गेले तर दोरीच तुटली. मी त्यांना सांगितलं. ते काय म्हनाले, ठाव हाय? म्हनाले, जिताड्याचं डोकं तयार ठेव, मी आलोच."

ती पाटावर बसली.

"मी सांगितलं असतं, तर जोमादादा त्या दिवशी माझाच जीव घेता. मंग पोर गेलं. त्याला बाप नव्हता, निदान आय तरी त्याच्या बापाला मारनारी नको, म्हनून गप रायले. आता ते खोटा दगड बशिवतायत. माझ्या मानसानं बांध नाय कापला."

"मथू, मी लिहीन," मी म्हणालो. "पण एक गोष्ट मी लिहू शकत नाही. झडप पडली, असं मला वाटतं. पण तेव्हा माझा हात..."

"परली."

"तुला काय माहीत?"

"मी तुमच्या मागं आले व्हते. आतल्या अंगाला, चराच्या कडेला, तिवरामागं उभी व्हते. पानी माझ्या कंबरेला व्हता, मला ओढीत व्हता." तिने हात हवेत धरला आणि एकदम थांबवला. "असा थांबला. एकदम. उभाच रायला. मी म्हनलं, सुटलो. मंग बांध गेला, मी तिवर धरून वाचले. पन आधी पानी थांबला व्हता, दादा. तू आयकला, मी बगितला."

मी त्या रात्री काही लिहिलं नाही. सकाळी लिहिलं. एकदाही खोडलं नाही.

'चि. रोहिदास, तुझ्या वडिलांनी बांध कापला नाही. उघाडीची झडप अडकली होती, ती पाडायला ते पाण्यात उतरले आणि त्यांनी ती पाडली. मी आवाज ऐकला. तुझ्या आईने पाणी थांबलेलं पाहिलं. त्यांची दोरी आम्ही तोडली. ती तुझ्या थोरल्या मामाच्या कोयत्याने तुटली. झडपेत ओंडका तुझ्या आईने लावला होता, त्यांच्या ताटात जिताडा असावा म्हणून. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. दगडावर काय कोरायचं ते तू ठरव.'

मथूला वाचून दाखवलं. चांगला कान माझ्याकडे करून तिने ते ऐकलं.

"माझं आधी लिही," ती म्हणाली. "जोमादादाचं मागून."

मी दुसरा कागद घेतला आणि तसं लिहिलं.

पोस्टाची पेटी तिठ्यावर आहे, वडाच्या खोडाला टांगलेली. आम्ही दोघं गेलो. पाकीट मी फटीत सरकवलं आणि बोटांनी आत ढकललं. खाडीकडून वारा येत होता, मागून एक ट्रक गेला. पाकीट तळाला पोचलं की मधेच अडकलं, मला कळेना. मी फटीशी वाकलो.

"पडलं का गं?"

मथूने पेटीवर तळहात ठेवला होता.

"परलं, दादा. चल."